चोवीस तासांचा हक्क

बीड जिल्ह्यातल्या माझ्या शाळेत, गावात चोरी झाली की दुसऱ्या दिवशी पारध्यांची पोरे गैरहजर असतात. मी समजतो, रात्री पालावर गाडी आली. माणूस कुठे नेला, कशासाठी, हे बायकांना कोणी सांगितलेले नसते. मग मी पालावर जाऊन त्यांना घटनेचे 22वे कलम सांगतो : अटकेचे कारण कळले पाहिजे, वकील भेटला पाहिजे, प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत माणूस दंडाधिकाऱ्यापुढे उभा केला पाहिजे.

हे कलम बाबासाहेबांनी 15 सप्टेंबर 1949 रोजी घटना समितीत मांडले. व्यक्तीचे स्वातंत्र्य कोणत्या रीतीने हिरावायचे हे आधीच्या कलमाने कायदेमंडळावर सोडले होते. ही त्याची भरपाई. 24 तासांचा नियम फौजदारी संहितेत होताच. पण साध्या कायद्याने तो कुणाला पुसता येऊ नये म्हणून त्यांनी तो घटनेत नेला. 1898ची संहिता गेली, 1973ची 2024 साली गेली. नियम उभा आहे. याच कलमात विनाचौकशी स्थानबद्धतेलाही जागा आहे, हेही आपण लपवू नये.

पालावरचा प्रश्न मात्र वेगळाच : "गुरुजी, अटक कागदावरच नाही, तर तास कुठून मोजायचे?"

"माणूस नेला तेव्हापासून. वेळ पोराच्या वहीत लिहून ठेवा."