जबाब, भाषांतर आणि निवाडा : फौजदारी न्यायाचे पदव्युत्तर अध्ययन आणि तौलनिक साहित्याभ्यास

साहित्याची पदवी घेतलेला एखादा विद्यार्थी पुढे गुन्हेशास्त्र किंवा फौजदारी न्याय या विषयात एम. ए. करण्याचा विचार करतो, तेव्हा तो आपली मूळ विद्याशाखा सोडून चालला आहे, असे त्याला स्वतःला आणि बहुधा त्याच्या अध्यापकांनाही वाटते. प्रस्तुत लेखाचा हेतू या समजुतीची तपासणी करणे हा आहे. फौजदारी न्यायाचे कामकाज फार मोठ्या प्रमाणात शब्दरूप साक्षीवर उभे असते. भारतात ही साक्ष एकाहून अधिक भाषांतून व लेखनप्रकारांतून प्रवास करते. तरीही या विषयाच्या अध्यापनात त्या प्रवासाकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही, असे येथे मांडायचे आहे.

१. विषयाची घडण

‘फौजदारी’ हा शब्द मोगल राज्यव्यवस्थेतून आला. सैन्याच्या बळावर मुलखाचा बंदोबस्त राखणारा तो फौजदार आणि महसूल पाहणारा तो दिवाण. ‘फौजदारी’ आणि ‘दिवाणी’ ही आजची विभागणी याच पदनामांवरून रूढ झाली. गुन्हा का घडतो, हा गुन्हेशास्त्राचा प्रश्न. तर पोलीस, न्यायालय आणि तुरुंग या यंत्रणा कसे काम करतात, हा फौजदारी न्यायाच्या अभ्यासाचा. दुसऱ्या प्रश्नाभोवती स्वतंत्र विद्याशाखा उभी राहिली ती प्रामुख्याने अमेरिकेत. तेथे १९६७ साली राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाचा अहवाल आला आणि १९६८ च्या कायद्याने पोलिसांच्या शिक्षणासाठी संघराज्याचा निधी उपलब्ध झाला. त्यानंतर असे अभ्यासक्रम झपाट्याने वाढले.

भारतात या विषयाच्या दोन परंपरा ठळक दिसतात. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची स्थापना १९३६ ची. तेथे गुन्हेशास्त्र समाजकार्याच्या अंगाने वाढले. कैदी व त्यांचे पुनर्वसन यांसाठी काम करणारा ‘प्रयास’ हा क्षेत्रीय प्रकल्प १९९० मध्ये याच परंपरेतून उभा राहिला. सागर विद्यापीठात १९५९ साली गुन्हेशास्त्र आणि न्यायवैद्यक विज्ञान यांचा एकत्रित विभाग सुरू झाला. दिल्लीतील याच विषयांची राष्ट्रीय संस्था १९७२ ची असून २०२० मध्ये ती राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठात समाविष्ट झाली. पहिल्या परंपरेचे लक्ष माणसाच्या परिस्थितीवर असते, दुसरीचे वस्तुरूप पुराव्यावर. दोन्हींचे महत्त्व निर्विवाद आहे. मात्र भाषा ही आरपार दिसणारी काच आहे, असे दोन्हीकडे गृहीत धरलेले दिसते.

२. जबाबाची रूपांतरे

अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणारी एक स्त्री तालुक्याच्या पोलीस ठाण्यात घडलेली हकिगत सांगते, अशी कल्पना करू. अंमलदार ती प्रमाण मराठीत, ठरावीक साच्यात उतरवतो. ‘समक्ष विचारल्यावरून सांगते की’ हा आरंभ आणि ‘वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे’ हा शेवट तिचा नसतो. तो जबाब या लेखनप्रकाराचा असतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८१ नुसार (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १६२) तपासात नोंदलेल्या अशा जबाबावर सही घेता येत नाही, आणि फिर्यादी पक्षाच्या साक्षीदाराची साक्ष खोडून काढणे हाच त्याचा मुख्य उपयोग असतो.

दुसरे रूपांतर न्यायालयात होते. महाराष्ट्रात दुय्यम न्यायालयांची भाषा म्हणून शासनाने १९९८ मध्ये मराठी निश्चित केली. संहितेच्या कलम ३११ नुसार सत्र न्यायालयातील साक्ष सर्वसाधारणपणे सलग निवेदनाच्या रूपात नोंदवायची असते. प्रश्नोत्तरे जशीच्या तशी नोंदवणे न्यायाधीशांच्या विवेकावर सोडलेले आहे. म्हणजे घडतो तो संवाद आणि उरते ते प्रथमपुरुषी एकपात्री निवेदन. उलटतपासणीतील ‘असे म्हणणे खरे नाही की’ या वाक्यरचनेत पुसल्या गेलेल्या प्रश्नाची सावली तेवढी दिसते. तेथे शब्द वकिलाचे असतात आणि वाक्याची जबाबदारी साक्षीदाराची.

तिसरे रूपांतर अपिलाच्या वेळी होते. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ मुळे सर्वोच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे आणि, काही राज्यांचे अपवाद सोडता, उच्च न्यायालयांचीही. तेथे साक्षीचा इंग्रजी अनुवाद वाचला जातो. अंतिम निवाडा देणाऱ्या न्यायपीठाने त्या स्त्रीचे मूळ वाक्य ऐकलेले नसते.

या साखळीतील धोका नेमका कुठे आहे? कलम १८१ च्या स्पष्टीकरणानुसार जबाबातील महत्त्वाची वगळणूकदेखील विसंगती ठरू शकते. बोलीतून प्रमाण भाषेत येताना अंमलदाराने जे गाळले, ते पुढे साक्षीदाराच्या विश्वासार्हतेच्या विरोधात मोजले जाते. ‘हा मजकूर माझ्या जबाबात का नाही, याचे कारण मला सांगता येणार नाही’ हे आपल्या न्यायालयांत नित्य नोंदले जाणारे वाक्य अनुवादातील तुटीची कबुली असू शकते. पण ते वाचले जाते साक्षीदाराच्या खोटेपणाची खूण म्हणून. एखाद्याची सुटका किंवा शिक्षा अशा वाक्यावर अवलंबून राहू शकते.

३. वाचनाचे पूर्वाधार

अशा संहितांच्या सूक्ष्म वाचनाची परंपरा आपल्याकडे आहे. वि. त्र्यं. गुणे यांच्या मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील ग्रंथाने (१९५३) महजरासारख्या कागदपत्रांतून न्यायप्रक्रिया उलगडून दाखवली; तर सुमित गुहा यांनी २००४ मधील एका लेखात न्यायसभेतील साक्ष आणि मराठी इतिहासकथन यांचा संबंध जोडला. ‘सबऑल्टर्न स्टडीज’च्या पाचव्या खंडात (१९८७) रणजित गुहा यांनी बंगालमधील एका स्त्रीच्या मृत्यूसंबंधीच्या जबान्या आणि शाहिद अमीन यांनी चौरीचौरा खटल्यातील माफीच्या साक्षीदाराची साक्ष वाचली.

मात्र वाचनाने कायदाच बदलल्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा खटला पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराचा. सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा निर्दोष ठरवले. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार यांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रात या निकालपत्राची चिकित्सा केली. तिचा गाभा शब्दार्थाचा होता : भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे. १९८३ च्या दुरुस्तीने पुरावा कायद्यात कलम ११४-क आले. कोठडीतील बलात्कारासारख्या खटल्यांत शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे न्यायालयात सांगितले, तर ती नव्हती असे गृहीत धरणे बंधनकारक झाले. मौनाचा अर्थ कसा लावावा, याचा नियमच बदलला.

४. मर्यादा आणि शक्यता

साहित्याचा अभ्यासक अनेकार्थतेत रमतो. न्यायालयाला ठरलेल्या दिवशी एक अर्थ निवडावा लागतो. म्हणून साहित्यातून या विषयाकडे वळणाऱ्याने कायदा, सांख्यिकी आणि तुरुंगातील क्षेत्रकार्य यांची शिस्त स्वीकारायलाच हवी. केवळ ‘संहितावाचन’ पुरेसे नाही. उलट, एकाच खटल्यातील जबाब, मराठी साक्ष आणि इंग्रजी अनुवाद शेजारी ठेवून वाचण्याचा एक अभ्यासपत्र पदव्युत्तर अभ्यासक्रमात असावा, ही अपेक्षाही अवास्तव नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाच्या घटनास्थळ-भेटीची तरतूद केली आहे. त्यामुळे या अभ्यासक्रमांचा कल प्रयोगशाळेकडे आणखी झुकण्याचा संभव आहे. मात्र जबाब ध्वनिचित्रमुद्रित करण्याची मुभाही कायद्यात आहे. तिचा वापर वाढला, तर बोललेले वाक्य आणि लिहिलेले वाक्य प्रथमच शेजारी ठेवून पाहता येईल. त्या दोहोंतील अंतर मोजण्यासाठी बोली, प्रमाण भाषा आणि कायद्याची भाषा या तिन्हींची जाण असलेला वाचक लागेल. असा वाचक घडवणे हे तौलनिक साहित्याभ्यासाचे काम आहे, आणि त्याची गरज न्यायव्यवस्थेला आहे.