सहा जणी, एक बोट

भिंगारला लष्कराची छावणी, त्यामुळे वर्दी आपल्याला नवी नाही. समुद्र मात्र फार लांब. म्हणून आमच्या गटाच्या बैठकीत ‘तारिणी’चा विषय निघाला, तेव्हा सगळ्यांनी एकच विचारलं, “एवढ्याशा बोटीतून सहा बायका पृथ्वीला फेरी मारून आल्या कशा?” आज तेच सांगतो.

तारिणी ही आपल्या नौदलाची शिडाची बोट. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली. लांबी ५५ फूट, म्हणजे साधारण दीड एसटीएवढी. कप्तान होत्या वर्तिका जोशी. सोबत प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डपाटी, विजया देवी आणि पायल गुप्ता. १० सप्टेंबर २०१७ ला त्या गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ ला गोव्यातच परतल्या. वाटेत ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फॉकलंड बेटं आणि दक्षिण आफ्रिका इथे मुक्काम झाले.

सगळ्यात अवघड टप्पा न्यूझीलंड ते फॉकलंडचा. ४१ दिवस नुसतं पाणी. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला केप हॉर्न आहे. पृथ्वीच्या त्या पट्ट्यात वारा अडवायला जमीन जवळजवळ नाहीच. वारा मोकळा सुटतो आणि लाटा वाढत जातात, पार दुमजली घराएवढ्या. त्याच्या पलीकडे अंटार्क्टिकाचा बर्फ, त्यामुळे थंडी बोटं बधिर करणारी. १९ जानेवारी २०१८ ला त्यांनी हे टोक ओलांडलं.

मग बोट उलटत कशी नाही? तिच्या तळाला जड वजन असतं. बोट कलली की ते तिला पुन्हा उभं करतं, लहान मुलांच्या डुलत्या बाहुलीसारखं. वारा वाढला की शीड कमी करायचं, उतरला की वाढवायचं. हे रात्रीसुद्धा चालतं, म्हणून पाळ्या लावून कुणीतरी कायम जागं राहायचं.

पण खरं काम निघण्याआधीच झालं होतं. दिशा काढणं, हवामान ओळखणं, संदेश पाठवणं, शीड हाताळणं याचं प्रशिक्षण त्यांनी घेतलं. कमांडर दिलीप दोंदे यांनी २०१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली होती. अशी फेरी करणारे ते पहिले भारतीय. त्यांनीही या सहा जणींना तयार केलं. आधी २०१६ मध्ये मॉरिशसपर्यंत जाऊन सराव झाला. पुढे मोठ्या फेरीत परतताना बोटीचं सुकाणू बिघडलं, तेव्हा त्याच मॉरिशसला थांबून ते दुरुस्त केलं आणि मगच त्या पुढे निघाल्या.

हे ऐकताना आम्हाला आमचाच गट आठवला. मागे आमच्याकडे हिशेब एकीलाच जमायचा. ती बाळंतपणाला माहेरी गेली आणि दोन महिने वही कोरी राहिली. कर्जाचा हप्ता चुकला, दंड भरावा लागला. दोष तिचा नव्हता. आम्ही बाकीच्यांनी शिकून घेतलं नव्हतं.

आता आम्ही दर तीन महिन्यांनी कामं बदलतो. जिला वही येते ती दुसरीला वही शिकवते, जी बँकेत जाते ती एकीला सोबत नेते. पहिल्या महिन्यात चुका झाल्या, पण त्या बैठकीतच सापडल्या.

तुमच्या गटातलं असं कुठलं काम आहे, जे एकीलाच येतं? येत्या बैठकीत आधी तेच विचारा.