पाहुणीला घरचं करताना

परदेशी विद्यार्थी घरी ठेवून घ्यायचा म्हटलं की आधी येतात ते फॉर्म. आमच्या मुलीची दुबईतली शाळा राउंड स्क्वेअर या संघटनेची सदस्य. कुर्ट हान या जर्मन शिक्षकाने १९२० साली जर्मनीतल्या झालेम इथे शाळा काढली, हिटलरला विरोध केला म्हणून तुरुंग पाहिला आणि १९३४ साली स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टनची शाळा उभी केली. त्याच्या विचारांवर चालणाऱ्या शाळा १९६६ साली एकत्र आल्या. गॉर्डनस्टनच्या आवारातल्या एका गोल इमारतीवरून संघटनेचं नाव पडलं. या शाळांतली मुलं काही आठवडे एकमेकांच्या घरी राहतात आणि यजमान मुलाच्या वर्गात बसतात. आज त्यांची मुलगी आपल्याकडे, पुढे आपली त्यांच्याकडे. आमच्याकडे आली ती जर्मनीची. राहण्या-जेवणाचे पैसे कुणी घेत नाही, त्यामुळे पैसे दिले-घेतले की जी सुटका असते तीही नाही.

फॉर्ममध्ये विमा, पालकांचं संमतीपत्र, ॲलर्जी, सवयी असं सगळं येतं. सगळ्यात नीट वाचावी ती औषधांची यादी. डॉक्टरने सहज लिहून दिलेलं एखादं खोकल्याचं किंवा दुखण्यावरचं औषध, उदाहरणार्थ कोडीन असलेलं, अमिरातीत नियंत्रित असतं आणि आणायचं तर आधी सरकारी परवानगी लागते. दुसरी सूचना पालकांना: इथे व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, कॉल लागत नाहीत. ‘बोटिम’ हे कॉलचं ॲप आधीच डाउनलोड करून ठेवा. नाहीतर मुलगी विमानतळावर उतरते, घरी फोन लावते, तो लागत नाही आणि तिकडे जर्मनीत आईचा जीव टांगणीला लागतो.

आमचं घर दुबईतल्या करामामधलं, दोन बेडरूमचं. पाहुणी मुलीच्याच खोलीत. इमारतीच्या नातूरला, म्हणजे रखवालदाराला, पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं, म्हणजे रोज लिफ्टपाशी चौकशी होत नाही. खोलीचं दार हा मात्र वेगळाच विषय. आमच्याकडे बंद दार म्हणजे कुणीतरी रुसलंय. तिच्याकडे बंद दार म्हणजे वाचत बसलीय. टकटक करून थांबायचं, ही शिस्त आम्हा नवरा-बायकोला लावून घ्यावी लागली. आमची मुलगी मात्र खूश. तिला ती कधीपासून हवीच होती.

खरी कसरत जेवणाच्या टेबलावर. नवरा कोल्हापूरचा. त्याच्या आग्रहाला तोंड देणं घरच्यांनाही जड जातं. पाहुणी ‘नको’ म्हणते तेव्हा तिला खरोखर नको असतं, आणि आमच्याकडे पहिला नकार धरायचाच नसतो. तिसऱ्या पोळीला ती रडकुंडीला आली. मग मी वाढणंच बंद केलं. भांडी टेबलावर ठेवायची, ज्याने त्याने घ्यायचं. त्याहून उपयोगी पडलं ते काम देणं. ताटं मांडणं, वॉशिंग मशीन लावणं, संध्याकाळी खालच्या कॅफेटेरियातून करक चहा आणणं. शाळेच्या सूचनांत पाहुण्याला कामं द्या असं लिहिलेलंच असतं, पण मराठी बाईला ते पटायला वेळ लागतो. काम मिळाल्यावर ती न विचारता फ्रिज उघडायला लागली. मी ‘काकू’ झाले तीही त्याच सुमाराला.

बाहेर काय दाखवायचं? ८२८ मीटरचा बुर्ज खलिफा पहिल्या आठवड्यात उरकतो. पुढे आमचं रोजचं जगणं: लुलू सुपरमार्केटमधली भाजी, मेट्रोतला महिलांचा डबा, एका दिरहमात खाडीपार नेणारी अब्रा होडी. एकदा तिने विचारलं, ‘‘इथल्या लोकांच्या घरी आपण कधी जायचं?’’

इतकी वर्षं इथे काढून आम्ही एकाही अमिराती घराचा उंबरा ओलांडला नव्हता. देशातले दहापैकी जवळपास नऊजण बाहेरून आलेले, आमच्यासारखेच दर काही वर्षांनी व्हिसाचं नूतनीकरण करणारे. शेजारी केरळी, वर फिलिपिनो, समोर पाकिस्तानी. या पोरीला आम्ही दाखवत होतो ती अमिरात होती की परदेशातलं कोल्हापूर, हे मलाच सांगता येईना. आणि तसं असलं तरी बिघडलं कुठे? इथल्या बहुतेक घरांत असंच कुठलंतरी गाव नांदतं.

तरी तिच्या निमित्ताने आम्ही अल फहिदीच्या जुन्या वस्तीत गेलो. तिथे १९९८पासून दुबईचे शासक शेख मोहम्मद यांच्या नावाचं सांस्कृतिक केंद्र आहे. जमिनीवर बसून जेवायचं, मचबूस, लुकैमात, आणि अमिराती यजमानांना मनात येईल ते विचारायचं. पुरुषांची पायघोळ कंदुरा पांढरीच का, लग्न कसं ठरतं, काहीही. तिच्यापेक्षा जास्त प्रश्न आम्हीच विचारले. गहवा, म्हणजे अरबी कॉफी, आली तेव्हा यजमानांनी रीत सांगितली: फिंजान, म्हणजे छोटा कप, रिकामा झाला की पुन्हा भरला जाणार. पुरे झालं की तो हातात किंचित हलवायचा, मग कुणी ओतत नाही.

तिला हे भलतंच आवडलं. नकार देण्याची अशी ठरलेली, कुणाचं मन न दुखावणारी खूण! त्याच रात्री आमटीची वाटी उचलून तिने नवऱ्यासमोर दोनदा हलवली. तो म्हणाला, ‘‘ही अरबांची रीत, आपण कोल्हापूरचे,’’ आणि पळीभर आमटी ओतली.