पुरांतून निघालेली मालमोटार

रस्त्यावर चढलेल्या पाण्यांतून मालमोटार एकदां पार पडली, कीं चालक व मालक दोघेही सुटकेचा निःश्वास टाकतात. आमच्या मतें खरी काळजी येथूनच सुरू व्हावयास हवी. ऑगस्ट २०१९ मध्यें कोल्हापूरजवळ शिरोलीपाशीं पंचगंगेचें पाणी पुणें-बंगळूर महामार्गावर आलें आणि वाहतूक कित्येक दिवस खोळंबली. जुलै २०२१ मध्यें तोच प्रसंग पुन्हां ओढवला. ज्यांची वखार, कारखाना किंवा शेतमाल अशा गाडीवर अवलंबून आहे, अशीं घराणीं आमच्या वाचकवर्गांत थोडीं नाहींत. आणि दारांत लहान मोटार असणारांसही पुढील बहुतेक गोष्टी लागू पडतील.

पहिला नियम असा कीं, पाण्यांत बंद पडलेलें इंजिन पुन्हां चालू करूं नये. डिझेल इंजिनांत दट्ट्या हवेला दाबून सुमारें सोळाव्या-सतराव्या हिश्शावर आणतो. हवा दबते, पाणी दबत नाहीं. हवेच्या वाटेनें अर्धा पेला पाणी जरी सिलिंडरांत उतरलें असलें, तरी किल्ली फिरवितांच दट्ट्या त्यावर आपटतो आणि त्याचा पोलादी दांडा वांकतो. म्हणून प्रथम बॅटरीच्या तारा सोडाव्या व एअर फिल्टर उघडून पाहावा. तो भिजलेला असल्यास मिस्त्रीकडून इंजेक्टर काढवून इंजिन हातानें फिरवावें, म्हणजे पाणी बाहेर पडतें. तत्पूर्वीं पाण्याची रेघ कोठवर आली होती, याचें छायाचित्र घेऊन विमा कंपनीस कळवावें; कारण बुडालेलें इंजिन फिरविल्यानें झालेली मोडतोड भरून देण्यास अशा कंपन्या पुष्कळदां नाकबूल होतात.

पाणी तेलाहून जड, म्हणून तळाशीं बसतें. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळीं तेलाच्या तळचें बूच किंचित् सैल केलें, तर आधीं पाणी येतें. मोजपट्टीवर तेलाची पातळी वाढलेली दिसली किंवा तेल ताकासारखें पांढुरकें झालें, तर तेल व त्याचा फिल्टर दोन्ही बदलावे. डिझेलच्या टाकीचेंही पाणी असेंच तळांतून काढावें.

इंजिनाकडे सर्वांचें लक्ष जातें. मागील आंसाच्या पोटांतील दांतेरी चक्रांकडे सहसा कोणाचें जात नाहीं. मिस्त्री ज्याला डिफरन्शिअल म्हणतात, तो हा भाग धांवून तापलेला असतो. ऊन भांड्यावर झांकण घालून तें गार पाण्यांत ठेवलें, तर आंतील हवा आकसून झांकण घट्ट बसतें, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. येथेंही तसेंच घडतें. तापलेला आंस पाण्यांत शिरतांच आंतील हवा आकसते, आणि ब्रीदर नांवाच्या लहानशा छिद्रांतून व सीलांच्या कडेनें गढूळ पाणी आंत ओढलें जातें. गाडी त्या दिवशीं चालते, दुसऱ्या दिवशींही चालते. परंतु आंत बेअरिंगांस गंज चढत असतो, आणि कांहीं आठवड्यांनीं आंस ओरडूं लागतो. यासाठीं डिफरन्शिअल व गिअरबॉक्स यांचें तेल दुधाळ झालें असल्यास टाकून द्यावें, ब्रीदर साफ करावा, आणि नवें तेल कांहीं दिवसांनीं पुन्हां तपासावें; एका खेपेंत सर्व पाणी निघतेंच असें नाहीं. चाकांचे हब उघडून तेथील ग्रीसही पाहावें. तें पांढुरकें झालें असल्यास बेअरिंग धुवून, वाळवून, नवें ग्रीस भरावें.

ब्रेकची गोष्ट तर उद्यांवर ढकलण्याजोगी नव्हेच. ओल्या लायनरांमुळें पाय पूर्ण दाबूनही गाडी वेळीं थांबत नाहीं. मोकळ्या, सपाट रस्त्यावर हळू चालवीत ब्रेक हलकेच दाबीत राहिल्यास लायनर सुकतात. पण ड्रमांत अडकलेली वाळू व चिखल अशानें जात नाहीं, ड्रम उतरवूनच तो धुवावा लागतो. हवेवर चालणारे ब्रेक असल्यास त्यांच्या टाक्यांत सांचलेलें पाणीही तळच्या झडपेनें सोडावें.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या गाड्यांत विजेचीं नाजूक उपकरणें पुष्कळ असतात. त्यांच्या जोडण्या उघडून वाळवाव्या. नियंत्रणाच्या पेटींतच पाणी शिरलें असेल, तर तेथें घरचा उपाय न करतां ती जाणत्या कारागिराकडे द्यावी.

हें काम दोन-तीन दिवसांचें आहे, आणि गाडी उभी राहिली म्हणून कर्जाचा हप्ता थांबत नाहीं. "चालते आहे ना, मग जाऊं द्या," असें मालकाच्या तोंडून निघतें तें यामुळेंच. हा मोह आम्ही जाणतों. पण गाडीच्या चाकापाशीं जो बसतो, त्याच्याही घरीं मुलेंबाळें वाट पाहत असतात. ब्रेक कसा लागतो, आंसाचा आवाज बदलला आहे काय, हें त्याच्याइतकें कोणासच कळत नाहीं. पुढील भाडें ठरविण्यापूर्वीं मालकानें हे दोन प्रश्न त्यास विचारावे, आणि उत्तर मनासारखें नसलें तरी मानावें.