नखाखालची कळ : सोंग नव्हे, गाठ असू शकते

थंड पाण्यात भांडी घासताना एकाच बोटाच्या नखाखाली जीवघेणी कळ येते. वरून बोट धडधाकट दिसते, म्हणून घरचे म्हणतात, "कामाचा कंटाळा!" अशी कळ कित्येकजणी वर्षानुवर्षे सोसतात.

आपल्या बोटांच्या टोकांत, विशेषतः नखाखाली, रक्तप्रवाह कमीजास्त करून शरीराची ऊब सांभाळणारे रक्तवाहिन्यांचे बारीक पुंजके असतात. त्यांतल्या पेशी वाढल्या की 'ग्लोमस' नावाची गाठ होते. ही गाठ दुर्मीळ, बहुधा काही मिलिमीटरची असते. 30 ते 50 वयाच्या स्त्रियांत ती जास्त आढळते. ती जवळजवळ नेहमीच साधी असते, कर्करोगाची नसते.

तीन खुणा ध्यानात ठेवू या : एकाच जागी तीव्र कळ, थंडीने ती वाढणे, पेनाच्या बोथट टोकाने दाबल्यास नेमक्या त्याच ठिपक्यावर जीव कळवळणे. कधी नख निळसर दिसते किंवा त्यावर उभी रेघ उमटते.

एक्स-रेत ही गाठ बहुधा दिसत नाही. एमआरआयची मदत होते. गोळ्यांनी ती विरघळत नाही. बोट बधिर करून छोट्या शस्त्रक्रियेने काढतात. पूर्ण निघाली की कळ सहसा थांबते. अंश राहिला तर पुन्हा होऊ शकते.

दुःखाला कारण असते, हे तथागतांनी शिकवले. मग गंडादोरा कशाला? सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात जाऊ, तिन्ही खुणा स्पष्ट सांगू. आणि घरातली बाई "दुखतंय" म्हणाली, तर आधी तिच्यावर विश्वास ठेवू.

जयभीम!