क्लोन की ओरिजिनल? जुन्या व्हिडिओ गेमबद्दलचे काही पक्के गैरसमज

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात टीव्हीला ‘व्हिडिओ गेम’ जोडून मारिओ, कॉन्ट्रा आणि टँक खेळलेल्या पिढीतल्या बहुतेकांनी निन्टेन्डोचं मूळ यंत्र कधी पाहिलंही नव्हतं. घरात आलेला डबा मीडिया किंवा तसल्याच कुठल्या तरी नावाचा असायचा. त्यात खुपसायच्या कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ असं बेधडक छापलेलं, आणि आत मूठभर खेळ नावं बदलून पुन्हा पुन्हा मोजलेले. ती मुलं आता चाळिशीत आहेत, हातात चार पैसे आहेत आणि जुने खेळ पुन्हा खेळावेसे वाटतात. चौकशी केली की पहिला सल्ला ठरलेला: ‘घ्यायचं तर ओरिजिनलच घे, क्लोन म्हणजे कचरा.’ हा सल्ला ऐकून खरेदी केलेले अनेक जण पुढे अ‍ॅडॉप्टर जाळून बसतात. म्हणून त्यामागचे गैरसमज एकदा नीट तपासून पाहू.

‘क्लोन म्हणजे क्लोन, सगळे सारखेच’

मुळीच नाहीत. आज बाजारात क्लोन या एका नावाखाली तीन अगदी वेगळ्या जाती विकल्या जातात.

पहिली जात जुन्या पद्धतीची, म्हणजे मूळ चिपची नक्कल. निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये फॅमिकॉम बाजारात आणला. त्यात दोन मुख्य चिप होत्या. एक हिशेब आणि आवाज सांभाळायची, दुसरी चित्र काढायची. तैवानच्या यूएमसी कंपनीने या दोन्हींच्या नकला बनवल्या आणि पुढे हे सगळं एकाच चिपमध्ये कोंबलं गेलं. तसल्या स्वस्त डब्याचे स्क्रू काढून पाहिलं तर आत बव्हंशी पोकळीच दिसते. कॅसेटच्या खाचेखाली तळहाताएवढा सर्किट बोर्ड आणि त्याच्या मधोमध डांबराच्या थेंबासारखा काळा गोळा. तो गोळा म्हणजेच अख्खा व्हिडिओ गेम. बाकीचा डबा निव्वळ दिखाऊ.

दुसरी जात सॉफ्टवेअरवाली. आत मोबाइलमध्ये असतो तसा प्रोसेसर, त्यावर लिनक्स किंवा अँड्रॉइड, आणि जुन्या यंत्राच्या वागणुकीची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम, म्हणजे इम्युलेटर. टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत लावायच्या ‘दहा हजार गेम’वाल्या काड्या याच जातीच्या. तिसरी जात एफपीजीए या चिपवर चालते. ही चिप विकत घेताना कोरी असते, आणि तिच्या आतली जोडणी नंतर हवी तशी बांधता येते. अ‍ॅनालॉग कंपनीची यंत्रं आणि हौशी लोकांनी उभा केलेला मिस्टर प्रकल्प या जातीतले.

काडी, जुना डबा आणि अ‍ॅनालॉगचं यंत्र या तिघांना एकाच मापाने मोजणं हीच पहिली चूक.

‘क्लोन नेहमी मूळ यंत्रापेक्षा वाईटच चालतो’

याबाबतची हकीकत मोठी गमतीची आहे आणि आपल्याशी तिचा थेट संबंध आहे.

जपान आणि अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवायचे. युरोपातले आणि भारतातले पाल पद्धतीचे टीव्ही ५० वेळा. खेळाचा वेग चित्राच्या ठोक्यावर बांधलेला असल्यामुळे जपानी खेळ ५० च्या टीव्हीवर साधारण १७ टक्के संथ होतो. हे टाळणं कुणाच्याच हातात नव्हतं. पण निन्टेन्डोने युरोपसाठी यंत्र बनवताना मुख्य चिपचा वेगही १.७९ मेगाहर्ट्झवरून १.६६ वर आणला. आवाजही त्याच चिपमधून निघत असल्यामुळे जपानी खेळ तिथे जसाच्या तसा चालवला तर त्याचं संगीत संथ तर होतंच, शिवाय सूरही अर्ध्या स्वरापेक्षा जास्त खाली उतरतो.

तैवानी मंडळींनी पालसाठी नक्कल करताना वेगळी वाट धरली. त्यांच्या चिपचा वेग १.७७ मेगाहर्ट्झ, म्हणजे जपानी यंत्राच्या अगदी जवळ. त्यामुळे सूर जवळजवळ जागच्या जागी राहिला. त्याहून हुशारीची गोष्ट पुढे आहे. टीव्हीचा किरण चित्र पूर्ण करून खालून वर परत जातो, तेवढ्या मोकळ्या वेळात प्रोग्रॅम पुढच्या चित्राची मांडामांड उरकत असतो. पालमध्ये एका चित्राला ५० रेघा जास्त मिळतात. निन्टेन्डोने त्या सगळ्या या मोकळ्या वेळेत टाकल्या. तैवानी चिपने मात्र त्या आधीच खर्ची घातल्या आणि मोकळा वेळ जपानी यंत्राइतकाच ठेवला. त्या वेळेवर नेम धरून लिहिलेले जपानी खेळ म्हणूनच युरोपातल्या अस्सल निन्टेन्डोवर अडखळायचे आणि पालच्या तैवानी क्लोनवर सुरळीत चालायचे. १९९२ च्या अखेरीपासून रशियात डेंडी नावाने विकले गेलेले डबे याच घराण्यातले. आज इम्युलेटरच्या सेटिंगमध्ये जपान-अमेरिका आणि युरोप यांच्या शेजारी ‘डेंडी’ असा तिसरा पर्याय दिसतो तो यामुळेच. नकलेला स्वतंत्र प्रांताचा मान मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. अनेक क्लोन चिपमध्ये आवाजाच्या लहरींच्या दोन प्रकारांची अदलाबदल झालेली आहे. सूर बरोबर लागतो, पण वाद्य बदलल्यासारखं वाटतं. ज्याने आयुष्यभर मारिओ क्लोनवरच ऐकला त्याला खरा मारिओ पहिल्यांदा ऐकताना काही तरी चुकल्यासारखं वाटतं, ते कानाचा दोष म्हणून नव्हे. शिवाय काही कॅसेटच्या आत स्वतःच्या जादा चिप असतात. ‘कॅसलव्हेनिया ३’च्या अमेरिकी कॅसेटमध्ये निन्टेन्डोची एमएमसी ५ नावाची चिप आहे, आणि ती कॅसेट कित्येक स्वस्त क्लोनवर सुरूच होत नाही. तेव्हा टँक, सर्कस आणि कॉन्ट्रापुरता क्लोन उत्तम. पुढच्या काळातले अवघड खेळ हवे असतील तर आधी यादी तपासा.

टँकचाच विषय निघाला म्हणून सांगतो. त्याचं खरं नाव ‘बॅटल सिटी’, नामको कंपनीचा १९८५ चा खेळ. आपल्याकडे गल्लीतल्या प्रत्येक पोराला पाठ असलेला हा खेळ अमेरिकेत निन्टेन्डोच्या यंत्रासाठी अधिकृतपणे निघालाच नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून ‘ओरिजिनल’ यंत्र मागवलंत तर त्याच्यासाठीची ओरिजिनल टँकची कॅसेट कुठल्याही दुकानात सापडणार नाही. जपानी कॅसेट ६० पिनांची, अमेरिकी यंत्राची खाच ७२ पिनांची, त्यामुळे जोडणारं अ‍ॅडॉप्टर आलंच.

‘कंपनीचा शिक्का आहे, म्हणजे मूळ यंत्र’

निन्टेन्डोने २०१६ मध्ये तळहातावर मावणारा, ३० खेळ भरलेला छोटा एनईएस (एनईएस म्हणजे फॅमिकॉमचाच परदेशी अवतार) काढला आणि तो हातोहात संपला. बाहेरून अगदी जुन्या यंत्राची प्रतिकृती, पण आत मोबाइल-टॅबलेटमध्ये सापडतो तसला प्रोसेसर आणि लिनक्सवर चालणारा इम्युलेटर. सोनीने २०१८ मध्ये काढलेल्या छोट्या प्लेस्टेशनमध्ये तर हौशी लोकांनी लिहिलेला खुला इम्युलेटरच वापरला, आणि त्यातले काही खेळ ५० हर्ट्झच्या युरोपीय आवृत्तीचे, म्हणजे संथ. तेव्हा शिक्क्यावरून आतलं यंत्र कळत नाही. चांगला इम्युलेटर कमअस्सल नसतो, वाईट इम्युलेटर मोठ्या कंपनीचा असला तरी वाईटच.

‘एफपीजीए म्हणजे इम्युलेशन नव्हे, साक्षात मूळ यंत्र’

हा गैरसमज जाहिरातींनी वाढवला. एफपीजीएवर जुन्या चिपचं सर्किट पुन्हा बांधलेलं असतं हे खरं. पण ते बांधणारा माणूस जुन्या चिपला जितकं ओळखतो तितकंच ते अचूक येतं. चूक सॉफ्टवेअरमध्ये राहू शकते तशी इथेही राहते. उलट नीट लिहिलेले काही इम्युलेटर मूळ चिपचं घड्याळ ठोक्याठोक्याने पाळतात. एफपीजीएचा खरा फायदा वेगळा आहे. बटण दाबल्यापासून चित्र हलेपर्यंतचा उशीर तो फारच कमी ठेवतो, आणि तेसुद्धा थेट एचडीएमआयवर. त्याची किंमतही तशीच, मध्यमवर्गीय खिशाला जड.

‘मूळ यंत्रं दणकट होती, आणा आणि लावा’

सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होतं.

आधी वीज. जपानी फॅमिकॉमचं अ‍ॅडॉप्टर १०० व्होल्टच्या घरगुती विजेसाठी आहे. ते आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घातलं की खेळ खलास. यंत्राला लागतो १० व्होल्टचा डीसी, तोही पिन मधोमध ऋण असलेला. अमेरिकी एनईएसच्या अ‍ॅडॉप्टरमधून मात्र ९ व्होल्टचा एसी येतो. प्लग बसतो म्हणून तो फॅमिकॉमला लावलात तर आतले भाग भाजतात. मग चित्र. पहिल्या फॅमिकॉमला फक्त अँटेनाची वायर आहे, आणि तिच्यावरचे जपानी चॅनेल १ आणि २ हे ९० ते १०२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतात. आपल्याकडे तो पट्टा एफएम रेडिओचा, त्यामुळे आपला टीव्ही तिथे पोचतच नाही. पिवळी-पांढरी एव्ही वायर लागणारा सुधारित फॅमिकॉम १९९३ मध्ये आला. घ्यायचाच असेल तर तो घ्यावा.

पुढे वय. अमेरिकी एनईएसमधली ७२ पिनांची खाच सैल होते आणि यंत्राचा दिवा लुकलुकू लागतो. आतली पहारेकरी चिप कॅसेटमधल्या जोडीदाराशी बोलणं जमत नाही म्हणून सेकंदा-सेकंदाला यंत्र पुन्हा चालू करत असते. फॅमिकॉममध्ये आणि क्लोनमध्ये ही चिपच नाही, म्हणून आपल्याला तो लुकलुकता दिवा माहीत नाही. कॅसेटमध्ये फुंकर मारायची सवय मात्र जगभर सारखी! फुंकरीने काही होत नाही. कॅसेट काढून परत बसवल्यामुळे पिना पुन्हा जुळतात, श्रेय मात्र फुंकरीला मिळतं. उलट तोंडातली वाफ पिनांवर गंज चढवते. इअर बडवर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पिना पुसाव्यात.

ज्या कॅसेटमध्ये प्रगती साठवता येते, त्यात नाण्याएवढी बॅटरी डाग देऊन बसवलेली असते, उदाहरणार्थ १९८७ ची अमेरिकी ‘द लिजंड ऑफ झेल्डा’. त्या बॅटऱ्या आता एकेक करून मरताहेत. सेगाच्या गेम गिअरमध्ये तर कपॅसिटर गळून त्यातला द्रव बोर्ड खातो, आणि कपॅसिटर बदललेले नसतील तर तसा गेम गिअर घेऊच नये. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीला फेऱ्या मारायची आणि हातात सोल्डरिंग गन धरायची आवड असेल, तर मूळ यंत्रासारखी मजा नाही. नसेल तर ते शोकेसमध्ये शोभून दिसतं.

‘क्लोन बेकायदा असतात’

यंत्राचं वेगळं, खेळाचं वेगळं. पेटंट साधारण २० वर्षांचं, त्यामुळे फॅमिकॉमच्या मूळ रचनेवरची पेटंटं केव्हाच संपली. आज तशी रचना बनवणं हा गुन्हा नाही. निन्टेन्डोचं नाव किंवा चिन्ह त्यावर छापणं आहे. खेळांचा कॉपीराइट मात्र जिवंत आहे. दहा हजार खेळांची काडी विकणाऱ्याने त्या दहा हजारांचे परवाने घेतलेले नसतात, हे सांगायला वकील नको.

‘बंदुकीचा खेळ हवा तर मूळ यंत्रच लागेल’

बदकांच्या खेळाला मूळ यंत्र लागत नाही, लागतो जुना काचेच्या नळीचा टीव्ही. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला प्रकाशग्राही तुकडा तो त्याच क्षणी दिसतो का, हे पाहतो. एलसीडी टीव्ही चित्र दाखवायला जो किंचित उशीर लावतो, त्यात हे गणित कोलमडतं. मग यंत्र अस्सल असो की नक्कल, एकही बदक पडत नाही.

तसा टीव्हीचा प्रश्न बंदुकीपुरताच नाही. मूळ यंत्र एव्ही वायरने नव्या टीव्हीला जोडलं तर बरेच टीव्ही त्याचा संदेश चुकीचा ओळखतात, चित्र थरथरतं आणि बटणाला उशीर लागतो. त्यावर रेट्रोटिंकसारखे रूपांतरक मिळतात, पण त्यांची किंमत धरली की ‘स्वस्तात मिळालेलं’ मूळ यंत्र स्वस्त राहत नाही.

माझं मत विचाराल तर असं: घरात जुना टीव्ही चालू असेल आणि लहानपणीचाच मारिओ हवा असेल, तर जुन्या पद्धतीचा क्लोन शोधा, कारण तुमच्या कानातला सूर त्याचाच आहे. घरी फक्त एलसीडी असेल तर संगणकावर चांगला इम्युलेटर आणि वायरवाला बरा कंट्रोलर घ्या. ऐपत असेल तर एफपीजीए. दहा हजार खेळांच्या काडीवर पैसे घालू नका, तिच्यातलं हलकं मेमरी कार्ड खेळांच्या आधी दम तोडतं. आणि मूळ यंत्र घ्यायचंच ठरवलंत, तर पैसे देण्यापूर्वी विकणाऱ्याकडे दोन फोटो मागा: उघडलेल्या बोर्डचा आणि अ‍ॅडॉप्टरवरच्या लेबलचा.