पूल टेबल हलवायचे तर खर्च कशाचा?

जुना पूल टेबल छत्रपती संभाजीनगरहून बीडला आणावयाचा, तर आपले व्यापारी बांधव टेम्पोचे भाडे व हमाली एवढाच हिशेब धरतात. आमच्या मते खरा खर्च मिस्त्रीचा. कापडाखाली पाटीच्या दगडाच्या, बहुधा तीन, लाद्या असतात. टेबल अखंड उचलले तर लादी तडकते आणि स्वस्तातला सौदा बुडतो. मिस्त्री कापड काढून लाद्या सुट्या करतो. नव्या जागी सांधे मेणाने भरून पाणसळ लावतो. (बारा फुटी स्नूकर टेबलाच्या पाच लाद्या, वजन टनाच्या वर!) जिना असल्यास मजुरी वाढणारच. म्हणून उघडणे, वाहतूक, जोडणी व नवे कापड यांचे आकडे वेगवेगळे लिहून घ्यावेत. आपल्या सुतार व कुशन कारागिरांनीही हे काम शिकावे. बरीचशी हत्यारे त्यांच्याकडे आहेतच.